दुखणं मागे, थरथर पुढे

हँडल थरथरायला लागलं की माणूस हँडलकडेच बघतो. त्यात नवल नाही. हात तिथेच असतात आणि भीतीही तिथूनच अंगात शिरते. साठ-सत्तरच्या वेगाने गाडी चाललेली असते, उतार बघून गॅस सोडलेला असतो, हेल्मेटची काच वर करायला डावा हात जरा उचललेला असतो आणि तेवढ्यात हँडल झरझर डावं-उजवं करू लागतं. दोन्ही हातांनी धरलं की थांबतं, सोडलं की पुन्हा सुरू. हे एकदा ज्याच्या वाट्याला आलं त्याला मित्रमंडळींकडून एक ठरलेला सल्ला मिळतो: स्टिअरिंग डँपर बसवून घे, हजार-दोन हजारात काम होतं. सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते, आणि डँपर ही काही फसवी वस्तूही नाही. पण हा सल्ला सगळ्यात शेवटी ऐकायचा असतो, आणि आपल्याकडे तो सगळ्यात आधी ऐकला जातो.

डँपर म्हणजे एक बारीक नळी. आत तेल आणि तेलातून सरकणारा पिस्टन. एक टोक चासीला बांधलेलं, दुसरं शॉकअपच्या नळीला किंवा टीला. हँडल सावकाश फिरवलं तर तेल बारीक भोकातून निमूट वाट काढतं. झटक्याने फिरवलं तर अडतं, आणि झटक्याचा जोर तेल गरम होण्यात जिरतो. याचा जुना अवतार आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेल्या जावांवर, पुढे येझदीवर आणि जुन्या बुलेटवरही, हँडलच्या मधोमध एक काळी गोल मूठ असायची. तिच्याखाली तेल नव्हतं, घर्षणाच्या चकत्या होत्या. मूठ आवळली की हँडल जड. माझ्या मामांच्या जावावर ती होती आणि आम्हा भाच्यांना ती शोभेची वाटायची, म्हणून येता-जाता फिरवायचो आणि बोलणी खायचो. मामा गावच्या कच्च्या रस्त्याला लागण्याआधी ती थोडी आवळायचे आणि डांबरीवर आले की आठवणीने सैल करायचे. ते सैल करणं किती महत्त्वाचं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यासाठी आधी पुढचं चाक मुळात सरळ का राहतं ते पाहावं लागतं. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं तो दांडा तिरका असतो. त्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकलींत ते साधारण ९० ते ११० मिलिमीटर असतं. टायर आपल्या बिजागरीच्या मागून ओढला जातो म्हणून तो आपोआप रेषेत येतो. हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरचं चाक याच कारणाने स्ट्रेचर जाईल तिकडे तोंड करतं. पण तोच स्ट्रेचर वॉर्डबॉयने घाईघाईत पळवला की ते चाक फडफडायला लागतं, हेही आपण पाहिलेलं आहे. चाकाला रेषेत आणणारी ताकदच त्याला रेषेच्या पलीकडे नेते, तिथून परत ओढते, पुन्हा पलीकडे नेते. दर फेरीत थोडा जोर कुठेतरी जिरला तर फडफड विरते; नाही जिरला तर वाढते.

या विषयात १९७१ साली रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने मोटरसायकलच्या स्थिरतेवर एक शोधनिबंध लिहिला, आणि आजही त्याचा दाखला दिला जातो. गाडी दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी हलू शकते हे त्यातून स्वच्छ दिसलं. एक वॉबल: फक्त पुढचा भाग, हँडल आणि चाक, सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरतो. दुसरी वीव्ह: सगळी गाडी, मागच्या चाकासकट, सेकंदाला दोन-चार वेळा सावकाश नागमोडी डुलते. वॉबल मध्यम वेगातही गाठतो, वीव्ह बहुधा वेग वाढल्यावर. आता गोम अशी, की हँडलवर डँपर लावला तर वॉबल आवरतो; पण तोच डँपर जास्त कडक असेल तर वरच्या वेगातली वीव्ह आवरण्याऐवजी बळावते. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला खतपाणी घालतं. आणि सावकाश चालवताना तर आपण तोल सांभाळतो तो हँडलच्या बारीकसारीक हालचालींनीच. त्या अडल्या की गाडी ट्रॅफिकमध्ये दारू प्यायल्यासारखी चालते. मामा मूठ सैल करायचे ते याचसाठी. होंडाने २००४ च्या सीबीआर १०००आरआरवर इलेक्ट्रॉनिक डँपर दिला तो याच पेचातून: कमी वेगाला हलका, वेग वाढेल तसा जड. बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या डँपरला ही अक्कल नसते. त्याला तुम्ही सिग्नलला आहात की हायवेला आहात, हे कळायला मार्ग नाही.

माझ्या गाडीचं सांगतो. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर, खंबाटकीचा उतार संपून गाडी सरळ लागली की हँडल थरथरायचं. एकटा असलो तर क्वचित, दोघं असलो तर हमखास. मागे टॉपबॉक्स. डँपर मागवायचा विचार चालूच होता. पण त्याआधी साताऱ्यात एका ओळखीच्या गॅरेजवाल्यांकडे गाडी नेली. बायकोही सोबत होती. त्यांनी माझी हकीकत अर्धीच ऐकली. गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनाखाली ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडलला एका बोटाने हळूच डावीकडून उजवीकडे ढकललं. मधोमध आलं की हँडल जरा अडायचं, जणू तिथे खाच आहे. मग माझं बोट तिथे ठेवून म्हणाले, "बघा साहेब, कळतंय का?" कळत होतं. ती खाच खरोखरच होती. हँडल आयुष्याचा बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार कोनसेटमधल्या, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगमधल्या, गोळ्या त्याच-त्याच जागी खातात आणि वाटीत खळगे पाडतात. मग सरळ जाताना हँडल त्या खळग्यात बसतं, त्यातून निघतं, पुन्हा बसतं. चालवणाऱ्याला वाटतं रस्ताच खराब आहे. नंतर त्यांनी शॉकअपच्या खालच्या टोकांना दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हिसका दिला. बारीक 'टक' ऐकू आला. म्हणजे कोनसेट झिजलेला, शिवाय सैलही.

सैल कोनसेट थरथरीला आमंत्रण देतो, हे अनेकांना माहीत असतं. म्हणून काही जण तो दाबून आवळून घेतात आणि मग गाडी हळू वेगात इकडेतिकडे पळते म्हणून पुन्हा गॅरेजला येतात. हँडल स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना सहज पडलं पाहिजे आणि तरी खाली हिसका दिला तर टक वाजता कामा नये. दोन्हींच्या मधली जागा अगदी अरुंद आहे. ती पान्यापेक्षा हातालाच कळते.

त्यानंतर तपासणी मागे-मागे सरकत गेली. पुढच्या टायरच्या नक्षीवर हात उलटा फिरवला तर ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या लागत होत्या. असा लाटा आलेला टायर हवा बरोबर असली तरी हँडलला गुदगुल्या करत राहतो. मागचं चाक धरून आडवं हलवलं: चिमट्याचे बुश ठीक होते. चेन ॲडजस्टरच्या खुणा मात्र डाव्या-उजव्या बाजूला सारख्या नव्हत्या. पंक्चर काढताना चाक उतरवलं गेलं होतं आणि बसवताना घाईत थोडं तिरकं बसलं होतं. आपल्याकडे हे इतक्या वेळा होतं, की पंक्चर काढून झाल्यावर पैसे देण्याआधी या खुणा बघायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. पुढच्या शॉकअपचं ऑइल विचारलं तर मला आठवेना. इंजिनाचं ऑइल लोक तारीख लिहून बदलतात; शॉकअपचं ऑइल सील फुटून नळीवर ओघळ येईपर्यंत कोणाला आठवत नाही. तोवर ते काळं आणि पातळ झालेलं असतं, आणि ज्याने स्प्रिंगची उसळी आवरायची तेच नुसतं आत फिरत असतं.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं आणि झालंही. पण खरा मुद्दा त्यानंतरचा. मी निघायला लागलो तसे ते म्हणाले, "गाडीवर एकटे असता का?" म्हटलं, नाही, बहुतेक वेळा दोघं, आणि हा बॉक्स भरलेला. "मग वहिनी, तुम्हीपण बसा. हेल्मेट घालून बसा, रोज बसता तसं." आम्ही दोघं बसलो. त्यांनी गाडी बाजूने पाहिली आणि हसले. मागचा भाग इतका खाली बसला होता की हेडलाइट समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होता. रात्री समोरून येणारे ट्रकवाले मला सारखे डिपर का मारतात, याचं उत्तर तिथे मिळालं.

मागचं बूड खाली गेलं की पुढचा दांडा अधिक तिरका होतो आणि ट्रेल वाढतो. मग गाडी उलट अधिक स्थिर व्हायला नको का, असं कोणी विचारलं तर प्रश्न बरोबर आहे. पण त्याच वेळी पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं. रस्त्यावर नीट न दाबलेला टायर स्वतःची थरथर जमिनीत जिरवू शकत नाही. शिवाय टॉपबॉक्समधलं वजन मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे, वर आणि टांगलेलं असतं. गाडीला शेपटाकडून डुलवायला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तेच वजन टाकीवरच्या बॅगेत किंवा दोन्ही बाजूंच्या खालच्या पिशव्यांत विभागलं तर हँडल बरंच शहाणं होतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आपल्या गाड्यांचा आणि आपला मूळ विसंवाद मला इथे दिसतो. कारखान्यातून निघताना गाडीचा मागचा शॉकअप बहुधा एकट्या चालकाला धरून लावलेला असतो. आपल्या रस्त्यावर मात्र ती नवरा-बायको, मधे मूल, हँडलला भाजीची पिशवी अशी चालते. शॉकअपच्या खालच्या बाजूला पायऱ्या असलेली एक कडी असते, बहुतेक गाड्यांत पाच टप्प्यांची. टूलकिटात तिच्यासाठी वाकड्या तोंडाचा सी-पाना दिलेला असतो. ती कडी गाडीच्या अख्ख्या आयुष्यात एकदाही न फिरवलेल्या गाड्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. चिखल बसून ती इतकी घट्ट होते की शेवटी छिन्नी-हातोड्यानेच हलते. चाकणला, नाशिकला, वाळूजला दुचाकींचे शॉकअप बनतात. ते ज्या राज्यात घडतात त्याच राज्यातल्या चालवणाऱ्यांना ते जुळवता येत नाहीत, हे मला जरा खटकतं. दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे मिळतात, हार घातला जातो, फोटो निघतो. पण तुमचं वजन किती, मागे कोण बसतं, हे शोरूममध्ये कोणीही विचारत नाही.

आणि जे कडी फिरवतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात "शॉकअप कडक केला" असं असतं. तसं होत नाही. स्प्रिंग जितकी ताठ होती तितकीच राहते. एका मिलिमीटरला दोन किलो घेणारी स्प्रिंग कडी फिरवल्यावरही मिलिमीटरला दोनच किलो घेते. कडीने बदलते ती फक्त सुरुवात, म्हणजे तुमच्या वजनाखाली गाडी कुठल्या उंचीवर विसावते ते. या विसावण्याला सॅग म्हणतात, आणि रस्त्यावरच्या गाडीत शॉकअपच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकं ते असावं असा सर्वसाधारण दंडक आहे. हालचाल १२० मिलिमीटर असेल तर ३० ते ४० च्या आसपास. त्याहून कमी असेल तर चाक खड्ड्यात खाली जाऊन जमीन धरू शकत नाही. फार जास्त असेल तर मोठ्या खड्ड्यासाठी काही उरतच नाही आणि शॉकअप तळाला आपटतो.

मोजायला तीन माणसं, एक टेप आणि थोडा संयम लागतो. आधी गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक लोंबतं: ॲक्सलपासून सीटखालच्या एखाद्या नटापर्यंत सरळ वर माप घ्यायचं. मग गाडी खाली घेऊन रोजच्या भारानिशी बसायचं आणि पुन्हा तेच माप. इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. गाडी दाबून सोडली तर एक आकडा येतो, उचलून सोडली तर थोडा वेगळा. सील आणि बुश यांच्या घर्षणामुळे शॉकअप दोन्ही वेळा एकाच जागी परतत नाही. म्हणून दोन्ही मापं घेऊन मधला आकडा धरायचा. दोन्हींत फरक खूप मोठा असेल तर तेही एक निदानच आहे: कुठेतरी काहीतरी अडकतंय, वाकलंय किंवा कोरडं पडलंय.

आमच्या गाडीत कडी शेवटच्या टप्प्यावर नेऊनही दोघं बसल्यावर सॅग जास्तच राहिलं, म्हणजे स्प्रिंगच आम्हाला हलकी होती. जास्त ताठ स्प्रिंग मागवली. त्या खर्चात डँपर आला असता, हे खरं आहे.

रिबाउंडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्या बहुतेक गाड्यांत त्याचा स्क्रूच नसतो. स्प्रिंग दाबल्यावर परत किती वेगाने उघडते, ते रिबाउंड ठरवतं. फार सैल असेल तर गाडी बराच वेळ उड्या मारत राहते. फार आवळलेला असेल तर गंमत वेगळी: टोलनाक्याआधीच्या त्या पांढऱ्या उंच पट्ट्यांवरून जाताना शॉकअप एक पट्टी खाऊन परत उघडायच्या आतच दुसरी येते, मग तिसरी, तो खाली-खाली बसत जातो आणि शेवटी दगडासारखा होतो. चालवणाऱ्याला वाटतं गाडी फार कडक आहे. मग तो कडी सैल करतो, आणि दुखणं वाढतं. आता अशा गोष्टी जुळवता येणाऱ्या गाड्या इथेच बनू लागल्या आहेत. टीव्हीएसच्या अपाची आरआर ३१० ला २०२१ पासून तसं सस्पेंशन ऑर्डर देतानाच मागता येतं. फक्त स्क्रू आला की अक्कल येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही थोडीशी, तोच रस्ता पुन्हा चालवायचा आणि आकडा वहीत लिहून ठेवायचा. आपल्यातल्या उत्साही मंडळींना नेमकं हेच जमत नाही. एका रविवारी ते सगळंच फिरवून टाकतात.

दुखणं मागे आणि इलाज पुढे, हा प्रकार फक्त आपल्या गल्लीत घडतो असं नाही. १९९७ साली सुझुकीने टीएल१०००एस ही गाडी आणली. जागा वाचवण्यासाठी तिच्या मागच्या सस्पेंशनमध्ये स्प्रिंग एकीकडे आणि फिरत्या पात्यांचा डँपर दुसरीकडे अशी रचना केली होती. जोराने चालवल्यावर तो छोटा डँपर तापायचा आणि मागचा ताबा ढिला पडायचा. पुढचं हँडल खराब रस्त्यावर फटके मारतं अशा तक्रारी आल्या, आणि ब्रिटनमध्ये कंपनीने गाड्या परत बोलावून हँडलवर स्टिअरिंग डँपर बसवून दिला. अनेक मालकांनी पुढे मागचाही नेहमीच्या पद्धतीचा शॉक बसवला आणि गाडी बदलल्याचं सांगितलं. ते इंजिन उत्तम होतं, गाडीला आजही चाहते आहेत, पण बदनामी चिकटली ती चिकटलीच.

मग डँपर कोणी लावावा? ज्याची गाडी मुळात निरोगी आहे आणि रस्ताच असाधारण आहे त्याने. आइल ऑफ मॅनच्या साठ किलोमीटरच्या शर्यतीच्या रस्त्यावर, गावातल्या घरांमधून, दोनशेच्या वर वेगात पुढचं चाक उंचवट्यावरून उडतं आणि थोडं तिरकं टेकतं. तिथे डँपर नसणं म्हणजे वेडेपणा. वाळूत, दगडगोट्यांत गाडी पळवणाऱ्यांना तो मनगटं वाचवायला लागतो. हलक्या पुढच्या भागाच्या, तीव्र ताकदीच्या गाड्यांवर कंपन्या तो स्वतःच देतात आणि योग्य तेच करतात. पण कोकणातल्या काँक्रीटच्या चौपदरीवर खोबणींमुळे पुढचं चाक जरा इकडे-तिकडे शोधत चाललं, तर तो रोग नव्हे. हात सैल ठेवले की ते पुरतं. थरथर सुरू झालीच तर तेव्हाही हेच. हँडल आवळून धरलं की आपल्याच खांद्यांची ताकद त्या झुल्याला मिळते. ब्रेक दाबू नये, गॅस सावकाश उतरवावा, गुडघ्यांनी टाकी धरावी, अंग जरा पुढे घ्यावं. सांगायला सोपं आहे, त्या क्षणी करायला नाही.

म्हणून डँपरची ऑर्डर द्यायची तर खुशाल द्या, पण ती यादीतली शेवटची ओळ असू द्या. आधी टायर आणि हवा, मग कोनसेट, मग चेनच्या खुणा आणि बुश, मग शॉकअपचं ऑइल, मग सॅग. सीट उघडून टूलकिटात तो वाकडा पाना आहे का बघा. नसेल तर स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळेल. आणि माप घ्यायला बसाल तेव्हा एकटे बसू नका. रोज मागे जे माणूस बसतं, त्याला हेल्मेट घालून सोबत बसवा.